मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी : अडीचशेवं वर्ष आणि आपण

रॅरिटनकाठ

येत्या ४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं होतात. न्यूयॉर्कच्या बंदरात येणारी शिडाची जहाजं, फिलाडेल्फियातले सोहळे, त्यातच फुटबॉलचा वर्ल्ड कप, यावर सगळीकडे भरभरून लिहून येतंय. मला मात्र आपल्या काउंटीबद्दल बोलायचंय. एडिसन, इझलिन, पिस्कॅटवे, साउथ ब्रन्सविक... इतकी मराठी घरं आहेत इथे की शनिवारी किराण्याला गेलं की चार ओळखीचे चेहरे भेटल्याशिवाय परत येणं होत नाही. तरीही क्रांतीच्या काळात या भागात केवढ्या घडामोडी झाल्या, हे आपल्या घरांत फारसं कुणाला ठाऊक नसतं. मुलं शाळेत शिकतात तेवढंच.

ओक ट्री रोडपासूनच सुरुवात करते. साड्या, सोनं, मिठाई, चाट ही सगळी रांग मागे टाकून साउथ प्लेनफिल्डच्या दिशेनं गेलात की एक तळं लागतं, ओक ट्री पाँड. २६ जून १७७७ ला या तळ्याच्या परिसरात, तेव्हाच्या शेतांमध्ये आणि झाडीत, लढाई झाली. इतिहासात ती शॉर्ट हिल्सची लढाई म्हणून नोंदली आहे. ब्रिटिश सेनापती हाउ यानं न्यू ब्रन्सविक सोडून पर्थ अँबॉयकडे माघार घेतली, ते बघून वॉशिंग्टन डोंगरावरची सुरक्षित छावणी सोडून खाली सपाटीवर उतरला, आणि हाउनं मध्यरात्र उलटल्यावर सैन्य परत फिरवलं. बेत असा की डोंगरात जायच्या वाटा अडवायच्या आणि वॉशिंग्टनला उघड्यावर गाठायचं. मध्ये वॉशिंग्टनचा सरदार लॉर्ड स्टर्लिंग याची फौज आडवी आली. भर जूनच्या उकाड्यात ती लढत लढत मागे हटली, तोफाही गमावून बसली, पण तेवढ्या वेळात वॉशिंग्टनचं सैन्य वॉचंगच्या डोंगरात परत पोचलं. चार-पाच दिवसांत ब्रिटिश न्यू जर्सी सोडून स्टॅटन आयलंडवर गेले.

म्हणजे आपण जिथे मेथीची जुडी आणि आंब्याच्या पेट्या घ्यायला जातो, त्याच रस्त्यावर त्या सैन्याचा जीव वाचला.

न्यू ब्रन्सविकची गोष्ट तर आणखी जवळची वाटते मला. ९ जुलै १७७६ ला कर्नल जॉन नीलसननं ऑल्बनी स्ट्रीटवरच्या एका खानावळीसमोर टेबलावर उभं राहून जाहीरनामा गावकऱ्यांना वाचून दाखवला. फिलाडेल्फियात तो पहिल्यांदा लोकांसमोर वाचला गेला ८ जुलैला, म्हणजे आपल्या गावात दुसऱ्याच दिवशी! तिथे आता नीलसनचा पुतळा आहे. ट्रेन पकडायच्या घाईत आपण जवळून जातो. एकदा थांबून बघा.

आणि ४ जुलै साजरा करायची प्रथासुद्धा या काउंटीत फार जुनी आहे. १७७८ साली, जून अखेरच्या मॉनमथच्या लढाईनंतर, वॉशिंग्टनचं सैन्य न्यू ब्रन्सविकला रॅरिटन नदीच्या काठी येऊन थांबलं होतं. दुसरा वर्धापनदिन त्यांनी इथेच साजरा केला. सैनिकांनी टोप्यांमध्ये हिरव्या डहाळ्या खोवल्या, तेरा तोफा उडाल्या, बंदुकांच्या फैरी झाल्या, रमचा शिधा दुप्पट मिळाला. युद्ध अजून संपायचं होतं, अर्धे लोक उन्हानं आणि चालण्यानं पिचलेले, आणि तरी त्यांना तो दिवस साजरा करावासा वाटला.

गणपतीला आणि भारत दिनाच्या संचलनाला आपण हजारोंनी बाहेर पडतो. या वर्षी ४ जुलैला नुसत्या घडीच्या खुर्च्या घेऊन फटाके बघायला न जाता आपण या सोहळ्यात यजमानांसारखं उतरावं, असं मला मनापासून वाटतं. कसं, ते सगळे मिळून ठरवू. सुचवा.

---

कैरीपन्हं

किती छान लिहिलंयस! ते तळं रोज दिसतं, सिग्नलला गाडी थांबते तिथे. लढाई झालेली जागा आहे हे मुलीला आज रात्री सांगणार.

सासू-सासरे मेच्या शेवटाला येतायत. सासऱ्यांना इतिहासाची प्रचंड आवड, पण गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. त्यांना कुठे नेता येईल?

---

रॅरिटनकाठ

@कैरीपन्हं, पिस्कॅटवेला जॉन्सन पार्कमध्ये ईस्ट जर्सी ओल्ड टाऊन व्हिलेज आहे, तिथे ने. ठिकठिकाणची जुनी घरं तिथे आणून वसवली आहेत आणि काउंटी ते चालवते. तिकीट नाही. सगळं जवळजवळ आहे, नदीकाठी बाकांवर बसता येतं.

तिथल्या इंडियन क्वीन टॅव्हर्नमध्ये सासऱ्यांना नक्की घेऊन जा. ती खानावळ मुळात न्यू ब्रन्सविकची. सप्टेंबर १७७६ मध्ये जॉन ॲडम्स आणि बेंजामिन फ्रँकलिन स्टॅटन आयलंडवर ब्रिटिशांशी तहाची बोलणी करायला निघाले होते. न्यू ब्रन्सविकमध्ये खानावळी इतक्या भरलेल्या की दोघांना मिळून एक लहानशी खोली, एक पलंग आणि एक खिडकी मिळाली. ते याच खानावळीत उतरले होते असं परंपरेनं मानतात. ॲडम्सला रात्रीच्या वाऱ्याची भीती, त्यानं खिडकी लावून घेतली. फ्रँकलिन म्हणाला, उघड, नाहीतर गुदमरू. आणि मग सर्दी गार हवेनं होत नाही, यावर त्यानं व्याख्यान सुरू केलं. ते ऐकता ऐकता ॲडम्स झोपी गेला. हे सगळं त्यानं स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. आपल्याकडच्या कुठल्याही आजी-आजोबांना हा खिडकीचा वाद लगेच समजेल.

---

घाटवाट

शॉर्ट हिल्सच्या लढाईचा आपल्याशी एक सरळ धागा आहे, तो इथे यायलाच हवा.

त्या दिवशी स्टर्लिंगच्या अंगावर चालून गेलेल्या ब्रिटिश फौजेचा सरदार होता लॉर्ड कॉर्नवॉलिस. यॉर्कटाऊनला १७८१ च्या ऑक्टोबरात ज्यानं शरणागती पत्करली, तोच. १७८६ साली तो गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. टिपूविरुद्धच्या युद्धात मराठे आणि निजाम त्याचे दोस्त होते. मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणच्या दारापर्यंत जाऊन त्याला परत फिरावं लागलं. बैल मेलेले, धान्य संपलेलं, पाऊस सुरू झालेला, आणि वेढ्याच्या जड तोफा त्यानं स्वतःच फोडून टाकलेल्या. अशा अवस्थेत मेलकोट्याजवळ समोरून घोडदळ येताना दिसलं. ते होतं हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचं मराठी सैन्य. मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारानं त्या उपाशी फौजेला धान्य पुरवलं, चढ्या भावानं का होईना.

एकच माणूस १७७७ मध्ये आपल्या ओक ट्री रोडवर आणि १७९१ मध्ये हरिपंतांच्या छावणीत. आपली मुलं ज्या दोन इतिहासांना वेगवेगळं समजतात, त्यांची गाठ या माणसात पडते. त्यांना हे सांगायला हवं.

आणखी एक. १७७६ साल आपल्याकडे पुरंदरच्या तहाचं. १ मार्चला तह झाला, सवाई माधवराव तेव्हा दोन वर्षांचेही नव्हते आणि कारभार बारभाईंच्या हातात होता. तिकडे वसाहती इंग्रजांशी लढत होत्या, इकडे नाना फडणवीस त्याच इंग्रजांशी वाटाघाटी करत होते. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात नानांकडे आला, तेव्हा इंग्रजांचं धाबं दणाणलं, कारण फ्रान्स अमेरिकेच्या बाजूनं उतरणार अशी चिन्हं दिसत होती. जग तेव्हाही इतकं जोडलेलं होतं.

---

सोनटक्का

@घाटवाट, अंगावर काटा आला वाचताना. स्टर्लिंगच्या फौजेनं वाट अडवून मुख्य सैन्याला डोंगरात पोचू दिलं हे वाचल्यावर कुठल्याही मराठी माणसाला घोडखिंडच आठवणार. फरक एवढाच की स्टर्लिंग जिवंत राहिला.

---

उंबरठा

धागा चांगला आहे, पण मनातलं स्पष्ट लिहितो. मी इथे बारा-तेरा वर्षं राहतोय, ग्रीन कार्डच्या रांगेत आहे आणि माझा नंबर कधी लागेल ते कुणीच सांगू शकत नाही. टॅक्स भरतो, घराचा हप्ता भरतो, मतदान करू शकत नाही. नोकरी गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा. अशा माणसानं यजमान म्हणून उतरायचं म्हणजे काय? पाहुण्याला यजमान व्हा म्हणताय. मुलगी इथे जन्मली, ती जाईल झेंडा घेऊन आणि मी आनंदानं तिला घेऊन जाईन. पण मला स्वतःला तो दिवस माझा वाटत नाही, आणि तसं वाटलं पाहिजे असा आग्रह कुणी धरू नये.

---

सोनटक्का

@उंबरठा, तुमचं म्हणणं पटलं. आमच्याही घरात हीच अवस्था होती, कार्ड येईपर्यंत.

---

रॅरिटनकाठ

@उंबरठा, आग्रह नाही. तुमच्यासारख्यांची ही टांगणी किती काळाची आहे, हे इथे सगळ्यांना माहीत आहे आणि त्यात गोड बोलण्यासारखं काही नाही.

फक्त एक गोष्ट सांगते. २ जुलै १७७६ ला, म्हणजे जाहीरनाम्याच्या दोन दिवस आधी, न्यू जर्सीनं स्वतःची राज्यघटना मंजूर केली. त्यात मतदानाचा हक्क ‘सर्व रहिवाशांना’ होता. अट होती वयाची, वास्तव्याची आणि पन्नास पौंडांच्या मालमत्तेची. नागरिक असायची अट त्यात नव्हती. पुरुष असायची नव्हती आणि गोरं असायचीही नव्हती. त्यामुळे इथे विधवा आणि अविवाहित स्त्रिया, स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसं खरोखर मतदान करत होती. (लग्न झालेल्या स्त्रीची मालमत्ता नवऱ्याच्या नावावर, म्हणून ती बाद.) १८०७ साली कायदा करून हे दार बंद केलं आणि फक्त गोऱ्या पुरुष नागरिकांना मत ठेवलं.

म्हणजे जो इथे राहतो, ज्याचं इथे काही आहे, त्याला इथे बोलायचा हक्क आहे, ही कल्पना या राज्याच्या जन्माच्या वेळचीच आहे. ती एकतीस वर्षं चालली आणि हिरावून घेतली गेली. मला हा वारसा फटाक्यांपेक्षा मोठा वाटतो, आणि तो सांगायला तुमच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही.

---

कोरीपाटी

चर्चा या वळणावर आलीच आहे तर ज्यांच्या वाट्याला १७७६ मध्ये काहीच आलं नाही त्यांच्याबद्दल लिहिते. काउंटीचा वारसा म्हणताना हे गाळलं तर तो अर्धाच राहील.

न्यू जर्सी हे गुलामी पूर्ण संपवणारं उत्तरेतलं शेवटचं राज्य. १८०४ चा कायदा टप्प्याटप्प्यानं मुक्तीचा होता, पूर्ण अंत झाला तो थेट १८६६ मध्ये. आणि १८१८ साली याच मिडलसेक्स काउंटीत जेकब व्हॅन विकल नावाच्या न्यायाधीशानं शंभराहून अधिक कृष्णवर्णीय माणसांना, त्यात लहान मुलंही होती, ‘स्वखुशीनं’ जात असल्याचे कागद करून लुइझियानाला गुलाम म्हणून पाठवलं. तान्ह्या बाळाची ‘संमती’ कागदावर आली कुठून? ईस्ट ब्रन्सविकमधले लोक गेली काही वर्षं या हरवलेल्या माणसांचं स्मारक व्हावं म्हणून खटपट करतायत. रटगर्स विद्यापीठानंही आपला जुना इतिहास उकरून काढला, ओल्ड क्वीन्स या तिथल्या जुन्या इमारतीच्या पायाभरणीत राबलेल्या विल नावाच्या गुलामाची नोंद त्यातून पुढे आली.

आता दुसरी बाजू. पर्थ अँबॉयचा टॉमस मंडी पीटरसन. वर्णावरून मताधिकार नाकारू नये असं सांगणारी पंधरावी घटनादुरुस्ती ३० मार्च १८७० ला अमलात आल्याचं जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ मार्चला, त्यानं गावच्या सनदेवरच्या मतदानात मत दिलं. त्या दुरुस्तीखाली मत देणारा तो देशातला पहिला कृष्णवर्णीय माणूस मानला जातो. शाळेत राखणदारीचं, साफसफाईचं काम करायचा. गावानं पुढे वर्गणी काढून त्याला पदक दिलं. सेंट पीटर्स चर्चच्या आवारात त्याची कबर आहे.

पीटरसननं मत दिलं १८७० मध्ये. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आपल्या माणसानं एवढ्या दुरून या देशातली सर्वांत चांगली गोष्ट कोणती ते अचूक ओळखलं होतं. महाराष्ट्र आणि ही काउंटी यांच्यातला धागा शोधायचाच तर मला कॉर्नवॉलिसपेक्षा हा जास्त मोलाचा वाटतो. ४ जुलैच्या आठवड्यात मराठी माणसांनी पीटरसनच्या कबरीवर फुलं वाहावीत, असं मी सुचवते.

---

घाटवाट

@कोरीपाटी, मान्य. शंभर टक्के.

---

झुंजूमुंजू

कबरीवर फुलं वाहायला मी येणार. नावनोंदणी कुठे करायची?

---

ठेका

ढोल-ताशा पथकात आहे, म्हणून व्यवहाराचं लिहितो. गावोगावच्या ४ जुलैच्या संचलनात भाग घ्यायची इच्छा असेल तर टाऊनशिपच्या मनोरंजन खात्याकडे आत्ताच अर्ज करा. शेवटच्या महिन्यात जागा मिळत नाही. बहुतेक ठिकाणी विम्याचा कागद मागतात, तो मंडळाच्या नावानं निघतो, एकट्यादुकट्याला जमत नाही. ट्रेलरवरून वाजवायचं की चालत वाजवायचं तेही आधी विचारतात.

उन्हाचं सांगतो. जुलैची दुपार आहे. फेटे, नऊवारी, कमरेला ढोल आणि डांबराचा रस्ता. दोन मैल चालायचं असेल तर दर दहा मिनिटांनी वादक बदलावे लागतात, मागून पाण्याची गाडी हवीच. जादा ताशाही सोबत ठेवावा लागतो. पंधरा-सोळा वर्षांची मुलं जोशात थांबत नाहीत, त्यांच्याकडे एखाद्या मोठ्या माणसानं लक्ष द्यायला हवं.

आणि संचलनात आपल्या पुढे-मागे शाळेचा बँड, निवृत्त सैनिक, अग्निशमन दल असतात. निवृत्त सैनिकांची तुकडी समोर असेल तर तिथे ठेका थांबवायचा. हे आम्ही पथकात आधीच सांगून ठेवतो. लोक त्याची दखल घेतात.

१७७८ च्या सैनिकांसारख्या हिरव्या डहाळ्या फेट्यात खोवल्या तर? वाचल्यापासून डोक्यात घोळतंय.

---

रॅरिटनकाठ

@ठेका, डहाळ्या खोवायच्याच! आणि पहिल्या ट्रेलरवर पाटी लावू, १७७८ ला याच गावात काय झालं होतं ते सांगणारी. रस्त्याच्या कडेला बसलेल्या कित्येक अमेरिकन कुटुंबांनाही ते ठाऊक नसेल.

---

पायवाट

एडिसनमध्ये राहतो म्हणून भर घालतो. २०२६ हे मेन्लो पार्कचंही दीडशेवं वर्ष आहे. टॉमस एडिसन १८७६ मध्ये तिथे आला, १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये विजेचा दिवा. आपल्या टाऊनशिपचं नाव आधी रॅरिटन होतं, १९५४ साली ते बदलून एडिसन ठेवलं. क्रिस्टी स्ट्रीटवरचा डोक्यावर भला मोठा दिवा असलेला मनोरा १९३८ चा. मूळ प्रयोगशाळा तिथे नाही, हेन्री फोर्डनं ती मिशिगनमध्ये नेऊन उभी केली. शेजारचं संग्रहालय अगदी लहान आहे, पण तिथे जुना फोनोग्राफ वाजवून दाखवतात तेव्हा मुलं श्वास रोखून ऐकतात. जायच्या आधी वेळा बघून घ्या.

---

पाटीपेन्सिल

मराठी शाळेत शिकवते. मुलांकडून या निमित्तानं काय करून घ्यावं हा प्रश्न डोक्यात होताच.

आमच्या वर्गात मागे एकदा पर्थ अँबॉयच्या प्रोप्रायटरी हाऊसची गोष्ट सांगितली होती. इंग्रज राजाचा गव्हर्नर विल्यम फ्रँकलिन त्या वाड्यात राहायचा. बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा. बाप क्रांतीच्या बाजूला, मुलगा राजाच्या. १७७५ मध्ये बापानं त्याला वळवायचा प्रयत्न केला, तो वळला नाही. जून १७७६ मध्ये वुडब्रिजच्या कर्नल हर्डनं सैनिक नेऊन विल्यमला पकडलं. पुढे तो कनेक्टिकटमध्ये कैदेत असताना त्याची बायको न्यूयॉर्कमध्ये वारली आणि त्याला तिला भेटायला जाऊ दिलं नाही. बाप-लेकाचं पुन्हा कधी धड जुळलं नाही.

मुलं सुन्न झाली होती. एकानं विचारलं, “मग मुलगा वाईट होता का?” अर्धा वर्ग हो म्हणाला, अर्धा नाही. मराठीत, एकही इंग्रजी वाक्य न घेता, अर्धा तास भांडत होती. मला तोपर्यंत त्यांना एवढं मराठी बोलता येतं हेच माहीत नव्हतं. म्हणून माझं म्हणणं, संचलन होईल तेव्हा होईल, पण मुलांना त्या त्या जागी उभं करून मराठीत गोष्ट सांगायची. पर्थ अँबॉयच्या धक्क्यावरून समोर स्टॅटन आयलंड दिसतं, फ्रँकलिन आणि ॲडम्स तिथूनच पलीकडे गेले होते, मुलाच्या वाड्याच्या गावातून.

---

उंबरठा

ही गोष्ट मला माहीत नव्हती. आईच्या शेवटच्या आजारपणात व्हिसाच्या भानगडीमुळे मलाही वेळेत पोचता आलं नव्हतं. त्यामुळे विल्यमचं ते वाचताना थांबलो जरा.

पर्थ अँबॉयची सहल ठरली तर मी येतो. १७७६ च्या मतदानाचा भाग मुलांना मी सांगेन.

---

कैरीपन्हं

@उंबरठा 🙏

आमच्या गाडीत तीन जागा आहेत. सासरेबुवांना घाटवाटच्या शेजारी बसवायचं, एवढीच अट!

---

रॅरिटनकाठ

आतापर्यंतचं पक्कं करून टाकू या.

पर्थ अँबॉय: जूनमधला शेवटचा रविवार धरू. सकाळी दहाला सेंट पीटर्सच्या आवारात, फुलं कोरीपाटी आणेल. मग प्रोप्रायटरी हाऊस, तिथे गटानं यायचं तर आधी कळवावं लागतं, ते मी करते. शेवटी धक्का. गोष्टी पाटीपेन्सिल, उंबरठा आणि घाटवाट सांगतील, प्रत्येकी दहा मिनिटांच्या आत, कारण ऊन असेल आणि मुलं लहान आहेत. डबे घरून आणा.

ओक ट्री पाँड: २६ जूनला लढाईचा दिवस आहे, शुक्रवार येतो. संध्याकाळी साडेसहाला तिथे जमू. तळ्यावर कचरा पडलेला असतो, हातमोजे आणि पिशव्या घेऊन या, आधी अर्धा तास साफसफाई. टाऊनशिपची परवानगी लागते का ते पायवाटनं विचारावं.

संचलनाचा अर्ज आणि विमा ठेका बघेल. फेट्यात खोवायला ओक किंवा मेपलच्या डहाळ्या चालतील, सार्वजनिक बागेतल्या तोडायच्या नाहीत. ज्यांच्या परसात झाडं आहेत त्यांनी इथे हात वर करा.